वळीव, अवकाळी की मान्सूनपूर्व? आणि 'वळवाचा' बरोबर की 'वळिवाचा'?

एका ताईंचा प्रश्न आहे. मे महिन्यात पाऊस पडला की पेपरात आणि टीव्हीवर सरसकट 'अवकाळी' म्हणतात, मोबाईलवर हवामानाचा मेसेज येतो त्यात 'मान्सूनपूर्व' असतं, आणि त्यांची आजी मात्र 'वळीव' म्हणायची, तर हे तिन्ही एकच का, वळीव शब्द आला कुठून, आणि लिहिताना वळवाचा, वळिवाचा की वळीवाचा? शिवाय पाऊस यायच्या आधी जीव घुसमटतो त्याला 'उमस' सोडून आपला शब्द आहे का, असंही त्यांनी विचारलंय.

आधी सरळ सांगतो, तिन्ही एक नाहीत, आणि आजी बरोबर होत्या.

मी परभणी जिल्ह्यातला, गंगाखेडकडचा. आमच्याकडं एप्रिल-मे म्हणजे पारा ४२-४३ वर, कधी त्याच्याही वर, दुपारी गल्लीत कुत्रं दिसत नाही, आणि अशा दिवसांत चार-पाचच्या सुमाराला अचानक वारं सुटतं, धुळीचा लोट येतो, पत्रे वाजायला लागतात आणि तासाभरात धो धो पडून मोकळं होतं. हा वळीव. दरवर्षी येतो, कधी कमी कधी जास्त, पण येतो. आणि जो दरवर्षी आपल्या वेळेला येतो त्याला 'अवकाळी' कसं म्हणायचं? अवकाळी म्हणजे ज्याचा काळ नव्हता तो. फेब्रुवारी-मार्चमधे शाळू ज्वारी कणसात आलेली असते, हरभरा काढून पडलेला असतो, गहू उभा असतो, तेव्हा जो येतो तो अवकाळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधे मराठवाड्यात जी गारपीट झाली, ज्वारी आडवी झाली, द्राक्षाच्या बागा झोडपून गेल्या, ती खरी अवकाळी. त्या महिन्यात आभाळाकडं कुणी पावसासाठी बघत नाही.

मे महिन्यात तसं नसतं. रान मोकळं असतं, नांगरट झालेली असते आणि शेतकरी वळवाची वाट बघत असतो, कारण नांगरलेल्या काळ्या रानातली ढेकळं दगडासारखी तापलेली असतात, ती वळीव पडल्याशिवाय फुटत नाहीत आणि ढेकूळ फुटल्याशिवाय वखराची पाळी (वखर म्हणजे माती भुसभुशीत करायचं रुंद पात्याचं औत, पाळी म्हणजे त्याचा फेरा) नीट बसत नाही. म्हणजे शेतीच्या हिशोबात या पावसाची जागा ठरलेली आहे. आता नुकसान वळवानंही होतं, केशर आंबा झाडाखाली सडा पडल्यासारखा पडतो, वसमतकडं हळद शिजवून वाळत घातलेली असते ती भिजते, वीज पडून माणसं-जनावरं दगावतात, हे सगळं खरंय आणि त्याचं दुःख मोठंय. पण नुकसान झालं म्हणून पाऊस अवकाळी होत नाही, काळ चुकला तर अवकाळी होतो. माझा आग्रह एवढाच आहे की हे दोन शब्द एकमेकांत कालवू नका. पंचनाम्याच्या कागदात 'अवेळी पाऊस' लिहितात ते मदतीच्या नियमासाठी, तिथं ते ठीक आहे, पण तिथून उचलून बोलण्यात आणलं की वळीव शब्दच मरतो.

'मान्सूनपूर्व' हा शब्द कॅलेंडरचा. हवामान खातं वर्षाचे भाग पाडतं त्यात मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने मान्सूनपूर्व हंगाम. म्हणजे मार्चमधली गारपीट पण मान्सूनपूर्व आणि मे अखेरचा वळीव पण मान्सूनपूर्व. शब्द चुकीचा नाही, त्यांच्या कामाला बरोबर आहे, पण शेतकऱ्याला पाहिजे तो फरक त्यात दिसत नाही. आमच्याकडं जुनी माणसं अजून नक्षत्रावर बोलतात, २५ मेला सूर्य रोहिणीत जातो, ७ किंवा ८ जूनला मृगात, मृगाला आमच्याकडं मिरग म्हणतात. वळवाचा जोर साधारण मिरग निघेपर्यंत, म्हणजे लागेपर्यंत, त्यानंतर येतो तो मोसमी. तसं 'मान्सून' पण मूळ अरबी 'मौसिम'मधून पोर्तुगीज-इंग्रजीच्या वाटेनं फिरून आलेला, आणि आपला 'मोसम'ही तिथलाच, म्हणजे मोसमी आणि मान्सून एकाच घरातले.

आता व्युत्पत्ती. मला जी पटते ती सांगतो. मराठीत क्रियापदाला '-ईव' लावून शब्द होतात, कोरणे-कोरीव, आखणे-आखीव, पाळणे-पाळीव, घोटणे-घोटीव, जाणणे-जाणीव. तसाच वळणे-वळीव. वळीव दोरी म्हणतात ना, तोच शब्द. आता पावसात वळलेलं काय असतं? तर 'वळणे'चे आमच्या बोलण्यातले अर्थ बघा. बाया वळवट करतात तेव्हा पिठाला वळतात, रस्ता वळतो, आणि पोरगं रानात ढोरं वळायला जातं. हा शेवटचा अर्थ मला इथं सगळ्यात जवळचा वाटतो. मोसमी पाऊस मावळतीकडून, नैर्ऋत्येकडून, सगळं आभाळ धरून येतो. वळीव तसा येत नाही. दुपारपर्यंत ऊन रणरणत असतं, मग उगवतीला नाहीतर दक्षिणेला एका कोपऱ्यात आभाळ दिसतं, वाटतं की हे तिकडंच जातंय, आणि वारं फिरलं की चुकलेली ढोरं वळून आणावीत तसं ते आभाळ वळून गावावर येतं. अंगावर वळ उठवणारा म्हणून वळीव असं कुणी सांगितलं तर ऐकायला छान वाटेल, थेंब लागतातही तसेच, पण '-ईव'चा हिशोब त्यात लागत नाही.

हे असं का होतं ते पण थोडक्यात सांगतो कारण शब्द त्यावरच उभा आहे. जमीन तापते, गरम हवा वर जाते, समुद्राकडून आलेली वाफ तिच्यासोबत वर जाते आणि दुपारनंतर दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग मनोऱ्यासारखा उभा राहतो. त्यातून पाऊस पडायला लागला की काही थेंब वाटेतच वाफ होऊन उडून जातात, त्यानं हवा गार होते, गार हवा जड म्हणून ती खाली आदळते आणि चारी बाजूंनी पसरते. पावसाच्या आधी जी गार झुळूक एकदम तोंडावर येते ती हीच. आणि हीच गार हवा ढगाखालची गरम हवा तोडते, म्हणून ढग तासाभरात संपतो. ढग काही किलोमीटरचाच असतो म्हणून एका शिवारात ओढा वाहतो आणि शेजारच्या शिवारात धूळ उडते, त्यालाच आमच्याकडं म्हणतात बैलाचं एक शिंग भिजलं अन् एक कोरडं.

लहानपणी आम्ही उन्हाळ्यात माळवदावर झोपायचो. माळवद म्हणजे लाकडं टाकून वर मातीचा थर दिलेलं सपाट छत, ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रात्री एक-दीडला कधी वारं फिरायचं, आधी मातीचा वास यायचा, म्हणजे कुठंतरी जवळ पडायला लागलाय, मग दूरवर ईज लवायची आणि आजीचा आवाज यायचा, "आरं उठा, वळीव आला, आधी कुरडया घ्या!" माणसं नंतर, आधी कुरडया, कारण दिवसभर घातलेलं वाळवण वरच असायचं. आम्ही वाकळा डोक्यावर घेऊन शिडीनं खाली, चुलते कुरडयांचं लुगडं चारी कोपरे धरून गाठोडं करून खाली, आणि शेवटची पायरी उतरेपर्यंत टपोरे थेंब पाठीवर. अर्ध्या तासात सगळं थंड. मग दारात बसून सगळे नुसते वारं खायचे, कुणी बोलायचं नाही. तो जो गारवा असायचा त्याला आजी 'जीव निवला' म्हणायची. निवणे हे क्रियापद पण आता दुधा-चहापुरतंच उरलंय, पण माणूसही निवतो, जमीनही निवते.

वळीव आणि मोसमी यात फरक करणारा शब्द जपायचं आणखी एक कारण आहे, फार व्यवहाराचं. वळीव दोन-तीनदा जोरात झाला की वाटतं पाऊस लागला, आणि कुणी घाईनं कापूस-सोयाबीन टाकतं, मग मिरग कोरडा जातो आणि दुबार पेरणी येते. कृषी विभाग दरवर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जुनी माणसं हेच दुसऱ्या शब्दांत सांगायची, वळवावर पाळी घाल, पेरा मिरगावर घाल. २०२५ साली मात्र सगळी घडीच विस्कटली, मे महिनाभर पाऊस आणि २६ मेला मान्सून मुंबईत, म्हणजे मिरग निघायच्या दहा-बारा दिवस आधी. त्या वर्षी वळीव कुठं संपला आणि मोसमी कुठं सुरू झाला हे बोटानं दाखवता येत नव्हतं, रानाला वापसाच (औत चालण्याजोगी ओल) येईना आणि मशागती राहून गेल्या. अशा वर्षी तर कुठला पाऊस कुठला हे बोलायला शब्द जास्तच लागतात.

लिहिण्याचं बघू. 'वळीवाचा' असं दीर्घ लिहू नका, कारण शेवटून दुसऱ्या अक्षरात दीर्घ ई-ऊ असेल तर (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून) प्रत्यय लागताना ते ह्रस्व होतं, गरीब-गरिबाचा, वकील-वकिलाचा, तसं वळीव-वळिवाचा. पण काही शब्दांत ते अक्षर नुसतं 'अ' होतं, पाऊस-पावसाचा, कापूस-कापसाचा, मुलूख-मुलखाचा, आणि बोलण्यात वळीव याच गटात गेलाय, वळवाचा. मला विचाराल तर वळवाचा लिहा, तोंडात तोच आहे. वळिवाचा लिहिलं तरी चूक नाही.

राहिली उमस. तो शब्द हिंदीतला, मराठवाड्यात हिंदी-दखनी कानावर असते म्हणून सहज येतो, त्याचा राग नाही. पण उकाडा आहे, उष्मा आहे, आणि सगळ्यात नेमका म्हणजे 'गदमदणे'. ऊन नुसतं कडक असलं तर 'तापलंय', घाम यायला लागला तर 'उकडायलंय' (लातूर-उदगीरकडं 'उकडूलालंय'), आणि वारं पार पडलंय, पान हलत नाही, घाम अंगावरच राहतोय, श्वास जड झालाय, तर 'गदमदायलंय'. वळीव पडून गेला की दुसऱ्या दिवशी ऊन पडताच जमिनीतली ओल वर यायला लागते तेव्हाही हेच होतं. आजी दुपारी पदरानं वारा घेत अंगणात यायची, उगवतीकडं बघायची आणि म्हणायची, "लई गदमदायलंय, वाळवण आवरा, आज येतोय त्यो."