आरएनए ट्युमरपर्यंत पोचतो का?

प्रश्न: ताई, बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, नॅनोपार्टिकलमधून जीन सोडून तो बरा करतात असं व्हॉट्सॲपवर आलंय, खरंय का?

उत्तर: अर्धंच खरं आहे. नुसता आरएनए (जीनच्या कामात भाग घेणारा रेणू) रक्तात सोडला की एन्झाइम लगेच त्याचे तुकडे करतात, म्हणून तो साधारण १०० नॅनोमीटरच्या चरबीच्या गोळीत, म्हणजेच नॅनोपार्टिकलमध्ये भरतात, पेशी ती गिळते, आतल्या कप्प्यात आम्लता वाढली की गोळीवर प्लस चार्ज येतो, कप्प्याचं आवरण फाटतं आणि थोडा आरएनए बाहेर निसटतो, मला तर हाच टप्पा सगळ्यात भारी वाटतो! पण शिरेतून दिलेल्या बऱ्याच गोळ्या लिव्हरच ओढून घेतं, ट्युमरपर्यंत कमीच पोचतात, खरी अडचण तिथेच आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं पॅटिसिरान हे औषध याच पद्धतीचं, पण ते कॅन्सरचं औषध नाही. बाबांची चालू ट्रीटमेंट अजिबात थांबवू नका, ट्रायलबद्दल त्यांच्या ऑन्कोलॉजिस्टनाच विचारा.