ठेकेदाराचे 16 हजार की अप्रेंटिसचे 9 हजार?

"पोरगा फिटर ट्रेडला पास झाला. चाकणला ठेकेदार 16,000 देतोय, कंपनी अप्रेंटिसला 9,000. आम्ही ऊसतोडीची माणसं. वर्षभर कमी पैशावर कशाला ठेवायचं त्याला?" बीड जिल्ह्यातल्या एका वडिलांचा हा प्रश्न. आयटीआयचा निकाल लागला की असं विचारणारे पालक हमखास येतात.

आधी तास मोजायला लावले. ठेकेदाराची पाळी 12 तासांची, कंपनीची 8. कायद्याने जादा तासाला दुप्पट मजुरी. तसा हिशोब मुलानेच कागदावर मांडला, तर ठेकेदाराकडे आठ तासांचे निघाले 8,000. वडील कागदाकडे बघत राहिले.

पण म्हणून अप्रेंटिसशिपचे गोडवे गाऊ नयेत. तिथे पीएफ नाही आणि वर्ष संपल्यावर कायम करण्याचं बंधनही कंपनीवर नाही. शेवटची परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेच्या लेव्हल-1, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीच्या भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात, पण त्या रेल्वेतच अप्रेंटिसशिप करून हे प्रमाणपत्र मिळवलेल्यांना. प्रमाणपत्रासाठी करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला हवा. नुसतं 'ट्रेनी' म्हणून ठेवून घेतलं, तर त्यासाठी ते वर्ष फुकट.

खरी अडचण पहिल्या महिन्याची. कॉट बेसिसचे, म्हणजे सामायिक खोलीतल्या एका खाटेचे 2,200, तेवढंच डिपॉझिट, मेसचे 3,000 आगाऊ, शिवाय बूट आणि जाणं-येणं. नऊ हजारांच्या घरात खर्च, आणि पहिले पैसे हातात पडणार पुढच्या महिन्यात. सुपरवायझरचा मुलगा अशा वेळी घरी फोन करून पैसे मागवतो. इथे वडील म्हणाले, "मुकादमाकडून उचल वाढवून घेतो." म्हणजे पोराचं डिपॉझिट आईबापांनी कोयत्यावर फेडायचं! चांगली मुलं इथेच ठेकेदाराकडे वळतात आणि 'चारच महिने' म्हणत तिथेच राहतात.

म्हणून मुलाला कंपनीत फोन करायला लावला. बस आहे, कँटीन आहे, बूट कंपनीच देते. मग मेस एकाच वेळची, 1,600. खोलीमालक डिपॉझिट दोन हप्त्यांत घ्यायला तयार झाला. गरज पाच हजारांवर आली, ती एक बोकड विकून भागली. उचल वाढवावी लागली नाही.

राहिलं बँकेचं. केंद्राच्या अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा सरकारी वाटा, 25 टक्के, जास्तीत जास्त 1,500, वेगळा थेट खात्यात येतो. खात्याला आधार जोडलेलं नसेल तर तो अडकतो आणि पोरांना वाटतं कंपनीने पैसे कापले. या मुलाचं खातं शाळेच्या शिष्यवृत्तीचं, केव्हाच बंद पडलेलं. निघण्याआधीचे दोन दिवस ते सुरू करण्यातच गेले.