बाग करताय? आधी नळाचं बघा

कॉलनीच्या मोकळ्या जागेत बाग करायची तर रोपांआधी नळाचं बघा. पावसाळा निभावतो, एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार, ते नावानिशी ठरवा. जागा महापालिकेची असेल तर उद्यान विभागाची लेखी परवानगी हवीच, तोंडी 'हो' कामाचा नाही.

भिंतीवर वारली चित्रं काढायला नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडचे कलाकार बोलवा आणि मानधन द्या, नुसता चहा-नाश्ता नको! तांदळाचं पीठ अन् गेरू घरात शोभतं. बाहेर पहिल्याच पावसात धुऊन जाईल. तिथे बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक रंगच घ्या. ओल धरलेल्या भिंतीचे मात्र पोपडे निघतात, ती सोडाच.

बसायला झाडाखाली काळ्या दगडाचा पार करा. उन्हातला दगड दुपारी तापतो. काळ्या मातीवर थेट फरशी टाकलीत तर तडे गेलेच समजा, खाली मुरूम दाबून घ्या. लॉनच्या भानगडीत पडू नका. कढीपत्ता, गवती चहा लावा, आज्या आपणहून येतील.