इन्सुलिन घेऊनही जेवणानंतर साखर का वाढते?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच तक्रारीची आहेत. इन्सुलिन नियमित चालू आहे, उपाशीपोटीची साखर बरी येते, पण जेवणानंतरचा आकडा काही केल्या खाली येत नाही. त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. उत्तरांत दिलेले आकडे समजण्यासाठी आहेत. आपला डोस बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे, कारण आपले मूत्रपिंड, वजन आणि इतर औषधे यांची माहिती त्यांनाच असते.

प्रश्न : माझे वय ५८ असून मला १४ वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. रात्री दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन २२ युनिट घेतो. सहा महिन्यांपासून दोन्ही जेवणांच्या वेळी जलद काम करणारे इन्सुलिन ८ युनिट सुरू झाले आहे. उपाशीपोटी साखर ११० ते १२० असते, दुपारच्या जेवणाआधी १३० च्या आसपास, पण जेवणानंतर २४० ते २६० येते. इंजेक्शन जेवायला बसताना घेतो, कधी विसरलो तर जेवण झाल्यावर घेतो. डोस वाढवायचा झाल्यास रात्रीचा वाढवावा की जेवणाचा?

उत्तर : रात्रीचा डोस वाढवण्याचे कारण आपल्या आकड्यांत दिसत नाही. आपण उपाशी असताना यकृत रक्तात साखर सोडत असते आणि तिला आवर घालणे हे दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्सुलिनचे काम आहे. उपाशीपोटी ११० ते १२० येत असेल, तर ते काम चोख चालले आहे. जेवणानंतरचा आकडा उतरावा म्हणून हेच इन्सुलिन वाढवत नेले, तर तो आकडा फारसा हलत नाही आणि पहाटे मात्र साखर घसरते. ही चूक इतकी सर्रास होते की, हा डोस वजनाच्या दर किलोमागे अर्ध्या युनिटाच्या पुढे गेला की डॉक्टरांनी थांबून फेरविचार करावा, असा संकेतच आहे.

जेवणाचा डोस वाढवण्याआधीही त्याची वेळ तपासून पाहावी, असे मी सुचवेन. निरोगी माणसात पहिल्या घासानंतर काही मिनिटांतच स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटते आणि ते प्रथम थेट यकृतात पोहोचते. आपण टोचलेले इन्सुलिन मात्र त्वचेखालच्या चरबीत उतरते. साध्या मानवी इन्सुलिनचे रेणू तेथे सहा-सहाच्या झुबक्यांत असतात, ते सुटे झाल्याशिवाय रक्तात शिरू शकत नाहीत आणि त्यामुळे परिणाम सुरू व्हायलाच सुमारे अर्धा तास लागतो. त्याचा जोर २ ते ४ तासांनी येतो आणि परिणाम ६ ते ८ तास रेंगाळतो. हा उशीर कमी करण्यासाठी रेणूच्या रचनेत थोडा फेरफार केलेली इन्सुलिने आली. १९९६ मध्ये वापरात आलेल्या लिस्प्रो इन्सुलिनमध्ये साखळीच्या टोकाजवळच्या दोन अमिनो आम्लांची जागा फक्त अदलाबदल केलेली आहे, तेवढ्याने ते झुबके लवकर सुटतात. लिस्प्रो, अस्पार्ट आणि ग्लुलिसिन ही तिन्ही १० ते १५ मिनिटांत काम सुरू करतात, १ ते २ तासांनी त्यांचा जोर सर्वाधिक असतो आणि ३ ते ५ तासांत परिणाम ओसरतो.

आता आपल्या जेवणाकडे पाहू. पिष्टमय पदार्थांतील साखर पहिल्या पाव तासातच रक्तात उतरू लागते. आपण जेवायला बसताना किंवा जेवून उठल्यावर इंजेक्शन घेत असाल, तर अन्न पुढे निघून जाते आणि इन्सुलिन त्याच्या मागे धावत राहते. अशा वेळी डोस वाढवला, तर दोन तासांचा आकडा थोडा उतरेल, पण चौथ्या तासाला, अन्न संपल्यावरही उरलेले इन्सुलिन साखर नको तितकी खाली नेईल.

म्हणून डोस तोच ठेवून चार-पाच दिवस इंजेक्शन जेवणाच्या १५ ते २० मिनिटे आधी घेऊन पाहावे. (साधे मानवी इन्सुलिन असेल तर ३० मिनिटे आधी, अलीकडची अतिजलद इन्सुलिने जेवण सुरू करतानाही चालतात.) जेवण तयार आहे याची खात्री झाल्याखेरीज मात्र टोचू नये. जेवणाआधीची साखर ७० पेक्षा कमी असेल तर प्रथम ती वर आणावी, आणि ७० ते १०० च्या दरम्यान असेल तर वाट न पाहता लगेच जेवावे.

या दिवसांत दोन नोंदी ठेवाव्यात: एक पहिल्या घासाआधीची आणि दुसरी पहिल्या घासापासून दोन तासांनी घेतलेली. जेवण संपल्यापासून दोन तास मोजणारे पुष्कळ जण आहेत, त्यामुळे त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. या जोडीतला फरक हाच खरा उपयोगी आकडा होय. १३० वरून १७५ झाली तर जेवणाचा डोस योग्य आहे. २२० वरून २६० झाली तर दोष त्या जेवणाच्या डोसात नसून आधीच्या तासांत कुठेतरी आहे, हे नुसत्या २६० वरून कधीच कळणार नाही. बहुतेक प्रौढांसाठी जेवणानंतर १८० च्या आत राहणे हे उद्दिष्ट असते. गरोदरपणात ते अधिक कडक, म्हणजे एका तासाला १४० च्या आत किंवा दोन तासांना १२० च्या आत असे ठेवतात.

वेळ सुधारूनही फरक मोठाच राहिला, तर डोस आणि ताटातील कर्बोदके यांचा मेळ घालावा लागेल. काहींना १० ग्रॅम कर्बोदकांमागे एक युनिट लागते, काहींना १५ ग्रॅमांमागे. हे प्रमाण नोंदींवरून डॉक्टर ठरवतात. १० ग्रॅमांचे प्रमाण धरल्यास ६० ग्रॅमांच्या जेवणाला ६ युनिट आणि ९० ग्रॅमांच्या जेवणाला ९ युनिट लागतील, म्हणजे रोज ८ युनिट घेणाऱ्या माणसाला रोज तेवढेच जेवणे भाग आहे. कर्बोदके मोजणे कंटाळवाणे वाटत असेल, तर निदान त्यांचे प्रमाण रोज सारखे ठेवावे. भाज्या आणि प्रथिने आधी खाऊन पिष्टमय पदार्थ शेवटी घेतल्यास त्याच जेवणाने साखर कमी चढते, आणि जेवणानंतर १० ते १५ मिनिटे सावकाश चालल्याचाही लाभ होतो, कारण हालचाल करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर ओढून घेतात. त्या वेळी दमवणारा व्यायाम मात्र करू नये.

प्रश्न : मी सकाळ-संध्याकाळ ३०/७० प्रकारचे मिश्र इन्सुलिन घेते. न्याहारीनंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर साखर ठीक असते. दुपारच्या जेवणानंतर २८० च्या पुढे जाते. सकाळचा डोस चार युनिटांनी वाढवला, तर अकराच्या सुमारास घाम येऊन हातपाय थरथरू लागले.

उत्तर : आपल्या शरीराने उत्तर दिलेच आहे. या मिश्रणातील ३० टक्के भाग लवकर काम करणारा असतो. तो न्याहारी सांभाळतो. ७० टक्के भाग मध्यम काळ चालणारा असतो आणि त्याचा जोर ४ ते १० तासांच्या दरम्यान पसरलेला असतो. दुपारच्या जेवणाला या पसरट भागावर विसंबावे लागते आणि जेवणानंतर झपाट्याने चढणारी साखर रोखण्याइतकी त्याला धार नसते. सकाळचा डोस वाढवला की दोन्ही भाग एकत्रच वाढतात, त्यामुळे दुपारपर्यंत पोहोचण्याआधीच अकरा वाजता साखर घसरते.

यावर दोन मार्ग आहेत. दुपारच्या जेवणातील पिष्टमय भाग कमी करून त्यातील थोडा दुपारनंतरच्या खाण्यात हलवणे हा पहिला. तो पुरेसा झाला नाही, तर दुपारच्या जेवणाआधी जलद इन्सुलिनचा छोटा डोस जोडावा की मिश्रण सोडून वेगळी पद्धत घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. मिश्रण दोनच टोचण्यांत भागते ही त्याची सोय खरी आहे, पण त्या बदल्यात जेवणाच्या वेळा आणि प्रमाण त्याच्या तंत्राने चालवावे लागते, हे रुग्णांना आधी स्पष्ट सांगितले जात नाही असे मला वाटते. वाढवलेली चार युनिटे आपल्या डॉक्टरांना आजच कळवून मागे घ्यावीत.

प्रश्न : रात्री साडेआठला जेवलो, साडेदहाला साखर २८० होती म्हणून जलद इन्सुलिनचे आणखी ६ युनिट घेतले. रात्री एक वाजता साखर ५४ झाली. जास्त आली तर दुरुस्त करायची नाही का?

उत्तर : करायची, पण साडेदहाला नाही. जेवणाच्या वेळी घेतलेल्या जलद इन्सुलिनचा बराच भाग दोन तासांनीही शिल्लक असतो आणि त्यावर आपण दुसरा डोस चढवलात; एक वाजता दोन्हींचा परिणाम एकत्र झाला. दुरुस्तीचा डोस शक्यतो आधीच्या डोसानंतर ४ तासांनी, बहुधा पुढच्या जेवणाच्या डोसात मिळवून घ्यावा आणि झोपण्याआधी तर विशेष जपून घ्यावा. एक युनिट आपली साखर किती उतरवते, याचा अंदाज काढण्यासाठी १८०० ला दिवसभरातील एकूण युनिटांनी भागतात; दिवसाला ६० युनिट घेणाऱ्याची साखर एका युनिटाने साधारण ३० ने उतरते. हा केवळ सुरुवातीचा अंदाज आहे.

५४ सारखा आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि ७० च्या वर येईपर्यंत हेच करावे. तेलकट-तुपकट जेवणाने पोट सावकाश रिकामे होते, म्हणून अशा रात्री साखर दोन तासांनी चांगली दिसून चौथ्या-पाचव्या तासाला चढते, हेही लक्षात ठेवावे.

प्रश्न : तेच जेवण, तेवढेच युनिट, तीच वेळ, तरी एके दिवशी जेवणानंतर १५० येते, तर दुसऱ्या दिवशी २७०. मीटर बिघडला असेल का?

उत्तर : मीटरवर संशय घेण्याआधी टोचण्याची जागा चाचपून पाहावी. सोयीच्या एकाच जागी वर्षानुवर्षे टोचल्याने त्वचेखाली चरबीची मऊ किंवा रबरासारखी गाठ तयार होते. तेथे दुखत नाही म्हणून माणूस पुन्हा तेथेच टोचतो आणि त्या गाठीतून इन्सुलिन कधी लवकर, कधी उशिरा, कधी अर्धवटच शोषले जाते. आपल्यासारख्या चढउतारांमागे मला हे कारण सर्वांत अधिक वेळा आढळते, आणि ते रक्ततपासणीत सापडत नाही, बोटांनीच सापडते. जागा रोज बदलावी आणि आधीच्या टोचणीपासून निदान एक बोट अंतर सोडावे. गाठ सोडून निरोगी जागी टोचू लागल्यावर तोच डोस अचानक भारी पडू शकतो, म्हणून हा बदल डॉक्टरांना सांगून आणि पहिले काही दिवस वारंवार साखर तपासूनच करावा. पोटावर टोचलेले इन्सुलिन मांडीपेक्षा लवकर शोषले जाते, तेव्हा दुपारी पोट आणि रात्री मांडी, असे काहीतरी ठरलेले असावे.

पेन वापरत असाल तर प्रत्येक वेळी २ युनिट हवेत सोडून सुई मोकळी असल्याची खात्री करावी, आणि बटण पूर्ण दाबल्यावर १० पर्यंत मोजूनच सुई बाहेर काढावी. दुधाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन हलकेच लोळवून आणि उलटसुलट करून एकजीव करावे. पारदर्शक असायला हवे ते गढूळ दिसले तर टाकून द्यावे. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे आणि एकदाही गोठले असेल तर वापरू नये. सिरिंज आणि कुपी यांची ताकद, म्हणजे दर मिलिलिटरमागे किती युनिट, ती जुळते ना, हेही पाहावे: १०० च्या सिरिंजने ४० च्या कुपीतून घेतल्यास डोस दोन पंचमांशच जातो आणि उलट झाल्यास अडीच पट जातो. तपासणीआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण फळ कापलेल्या बोटावरील साखरेनेही मीटर उगाच मोठा आकडा दाखवतो.

प्रश्न : आईचे वय ७९ आहे. ती कधी पूर्ण जेवते, कधी दोन घास खाऊन उठते. जलद इन्सुलिन आधी दिले तर साखर उतरण्याची भीती वाटते आणि नंतर दिले तर ती वाढते.

उत्तर : आईंच्या बाबतीत वाढीव साखर पत्करावी आणि इन्सुलिन जेवण झाल्याबरोबर, त्या किती जेवल्या हे पाहून द्यावे. अर्धे जेवण झाले तर डोस किती कमी करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे, म्हणजे घरातील कोणालाही तो देता येईल. ही मुभा जलद इन्सुलिनपुरतीच आहे. साधे मानवी इन्सुलिन जेवणानंतर दिल्यास अन्न पचून गेल्यावरही त्याचा परिणाम चालू राहतो. या वयात, विशेषतः स्मरणशक्ती किंवा हृदय कमकुवत असल्यास, एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ८ टक्क्यांच्या आसपास राहिले तरी डॉक्टर सहसा समाधान मानतात, कारण साखर घसरून पडणे किंवा बेशुद्ध होणे हे २२० च्या आकड्यापेक्षा अधिक घातक असते.

त्या अजिबात जेवल्या नाहीत तर जेवणाचा डोस वगळावा. दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. साखर २५० च्या वर राहून उलट्या, पोटदुखी किंवा धाप असे काही दिसले, तर पुढच्या जेवणाची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे.