मुद्दलाला हात लावायचा नाही

चि.स अनेक आशीर्वाद.

दहा जणांना ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीला एकरकमी पैसे देऊन हयातभराची पेन्शन विकत घेणं, समजावली आणि एकानेही घेतली नाही, असं तू लिहितोस. तुझं समजावणं कमी पडलं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे पेन्शन ही मिळायची वस्तू, विकत घ्यायची नव्हे. पेशवाईतलं वर्षासन घे नाहीतर मास्तरांची पेन्शन, देणारा दुसराच असायचा. एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेतला सरकारी नोकर निवृत्त होताना निदान ४० टक्के रक्कम ॲन्युइटीत घालतो, पण ती सक्ती म्हणून.

शिवाय मुद्दल! पै पै जोडलेले वीस लाख एका सहीने हातचे जातात. उद्या बायपास निघाली तर दवाखाना डिपॉझिट मागतो, ते महिन्याच्या पेन्शनमधून कसं भरणार? आणि चार महिन्यांत डोळे मिटले तर? म्हणून जो घेतो तोही 'मुद्दल वारसाला परत' हा पर्याय निवडतो, आणि तिथेच गंमत संपते. ॲन्युइटी म्हणजे एक उलटी भिशी. लवकर जाणाऱ्यांचं उरलेलं नव्वदी गाठणाऱ्यांना पुरतं. मुद्दल परत मागितलंस की हातात नुसतं व्याज उरतं, तेही करपात्र.

व्याजच हवं तर पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना काय वाईट? एप्रिल २०२३ पासून तिचा दर ८.२ टक्के आहे. तीस लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये, आणि पाच वर्षांनी मुद्दल घरी. म्हातारा हिशेबात कच्चा नाही रे! त्याच्या नजरेतून सुटतं ते एवढंच, की तो दर पाच वर्षांपुरता आहे आणि ॲन्युइटीचा हयातभराचा. अर्थात ठरलेली रक्कम महागाईने झिजते, हे तूही लपवू नकोस. सहा टक्के महागाईत बारा वर्षांनी दहा हजारांची किंमत पाच हजारांवर येते.

मी स्वतः पुंजीचा चौथा हिस्सा ॲन्युइटीत घातला. दोघांच्या हयातीपर्यंत, मुद्दल परतीशिवाय. मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

मूलबाळ नसलेलं जोडपं, पेन्शन नसलेला दुकानदार, आईवडील नव्वदी पार केलेला माणूस, अशांकडे आधी जा. आणि काकांशी बोलताना काकूंनाही बसवून घे. सही काकांची असली तरी बहुतेक घरांत मागे काकूच राहतात, आणि पासबुक कुठल्या डब्यात आहे तेही त्यांनाच ठाऊक असतं.

तुझा,
काका