टोळी निघण्याआधी

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. जूनमध्ये घरोघर फिरून सात पोरं शाळेत बसवलीस आणि दिवाळीत त्यातली पाच आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. तुला वाईट वाटणारच. माझीही पहिली काही वर्षं अशीच गेली.

बीडमध्ये आपल्या कामाचं वर्ष जूनला सुरू होत नाही, हे आधी मनाशी पक्कं कर. दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. पण टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच घेतलेली असते. तेव्हाच घराचा हिशेब ठरतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, आणि तान्ह्याला सांभाळायला थोरली पोरगी. दिवाळीत तू दारात जाऊन उभी राहतेस तोवर त्या थोरलीचं जाणं ठरून गेलेलं असतं.

म्हणून श्रावणात जा. आणि बापाला शिक्षणाचं महत्त्व सांगू नकोस, ते त्याला तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला विचार, तान्हं कुणाजवळ राहील? पोरगी मागं राहिली तर रात्री कुठं निजेल? आजीला डोळ्यांनी दिसतं का? तेरा-चौदाची पोरगी असेल तर त्या घरात तिचं लग्न उरकायची भाषा सुरू असते, कारण उसाच्या फडावरच्या कोपीला, म्हणजे तिथल्या झोपडीला, दार नसतं. आईची ही धास्ती खरी आहे. तिच्यावर रागावू नकोस, ती बोलेल तेवढं बसून ऐक.

मागं राहणाऱ्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत गेला का, यामागे लाग. नाव वसतिगृह असलं तरी कितीतरी गावांत पोरं आजीकडेच झोपतात, शाळेत फक्त जेवण मिळतं. म्हणजे सगळा भार त्या म्हातारीवर. तिच्या गोळ्या, तिचं सरपण, तिचं रेशन यात लक्ष घाल. आजी आजारी पडली की बाप येऊन पोराला घेऊन जातो. हे मी पुन्हापुन्हा पाहिलंय.

जी जातील त्यांच्याबरोबर, तिकडच्या शाळेत शिक्षण सुरू राहावं म्हणून असतं ते शिक्षण हमी कार्ड दे आणि कारखान्याजवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन कर. दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा पोराला परत पाठवू शकत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. कर्नाटकात मात्र जवळपास मराठी शाळा असेलच असं नाही. तिकडं जाणाऱ्या घरांतली पोरं आधी थांबव.

मुकादम म्हणेल, पोरगं आईबापाला मदत करतंय, त्यात काय? बालमजुरी कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीनं चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर हात लावायला तेवढी मुभा ठेवली. उचल घेऊन तोडलेला ऊस हा कुणाचा घरचा धंदा? आताच्या तेलंगणातल्या रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हांच्या एम. व्ही. फाउंडेशननं तर शाळेबाहेरचं प्रत्येक मूल बालमजूरच धरलं. मला ते पटतं. मोळ्या न बांधता दिवसभर भावाला कडेवर घेऊन बसणारी पोरगीही त्यातच आली.

अशा एकीला मी कोल्हापूरकडच्या फडावर भेटलो होतो. चौथीपर्यंत माझ्याकडे होती. हातांवर पाचटाचे ओरखडे, कडेवर भाऊ. मला बघून कोपीत शिरली आणि पिठाच्या डब्यातून पुस्तक काढून आणलं. बाहेर ठेवलं तर बैल खातात, म्हणाली. पाडव्यानंतर ती परत आली. तिचं वाचन मागं पडलं होतं, म्हणून मी तिला दुसरीच्या पोरांत बसवलं. चौथ्या दिवसापासून ती आलीच नाही. घरी गेलो तर दाराआड उभी राहिली, बोलली नाही. ती चूक माझी होती, आणि ती मला भरून काढता आली नाही.

परतलेल्या पोराला त्याच्या वयाच्याच वर्गात बसव, कायदाही तेच सांगतो. राहिलेला अभ्यास वेगळा तास काढून घे, इतरांच्या डोळ्यांआड. पहिले वीस दिवस रोज सकाळी त्याच्या घरावरून जा. एक दिवस नाही आलं तर त्याच संध्याकाळी जा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नकोस.

तुझी दोन पोरं मागं राहिली, त्यांच्याविषयी पत्रात एक ओळसुद्धा नाही. ती कुणाकडे राहतात, रात्री काय खातात, त्यांना कुणी थांबवलं, हे जाऊन विचार आणि मला लिही. श्रावणात मी येतो. उचल वाटायच्या आत त्या पाचही घरी आपण दोघं जाऊ.

तुझे,
गुरुजी