वाचकांचे प्रश्न : रंगीत काचचित्रे आणि ठेवणीतले दागिने

प्रश्न : हाताने घडवलेले स्टेंड ग्लासचे एक काचचित्र आम्ही पश्चिमेच्या खिडकीत टांगले आहे. काचांमधल्या काळ्या रेघांवर आता पांढुरकी पूड धरू लागली आहे. उन्हाने रंग उडतील का? काच पुसायचा बाजारी द्रव वापरावा का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रंगाची काळजी करू नये. अशा काचेत रंग वरून लावलेला नसतो, तो वितळत्या काचेतच मिसळलेला असतो. कोबाल्टने निळा, तर सोन्याच्या अत्यल्प अंशाने माणकासारखा लाल रंग येतो आणि तो उन्हाने विटत नाही. मात्र साध्या काचेवर नुसता रंगवलेला भाग असेल, तर तो बोटाला किंचित उंच लागतो. तो भाग ओला करू नये आणि असे चित्र थेट उन्हातही ठेवू नये.

तुमच्या चित्राचा नाजूक भाग म्हणजे त्या काळ्या रेघाच. प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी चिकटवून त्यावर कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाची झाळ देतात व ती रसायनाने काळी करतात. झाळताना वापरलेल्या द्रवाचा अंश सांध्यात राहून गेला किंवा ओलावा पोचत राहिला, की तिथे पांढरी पूड येते. अमोनियायुक्त द्रव हा काळा थर उतरवतो आणि तांब्यालाही अपाय करतो; लिंबू व व्हिनेगर शिशाला खातात. त्यामुळे यांपैकी काहीही वापरू नये.

चित्र दोन्ही बाजूंनी धरून, उभेच ठेवून उतरवावे आणि जाड टॉवेलवर पूर्ण टेकेल असे आडवे ठेवावे. त्या पुडीत शिसे असू शकते, म्हणून ती कोरड्या ब्रशने झाडू नये; ओलसर सुती फडक्याने टिपून घ्यावी, फडके टाकून द्यावे आणि हात साबणाने धुवावेत. नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून, घट्ट पिळलेल्या कापडाने काचा पुसाव्यात व लगेच कोरड्या कराव्यात. पाणी कापडावर घ्यावे, चित्रावर कधीही फवारू नये. शेवटी खरखरीत कण नसलेल्या कार्नौबा मेणाचा (एका ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या कठीण मेणाचा) पातळ हात देऊन मऊ कापडाने घासले, की झाळेला ओलाव्यापासून आडोसा मिळतो. पुन्हा टांगण्यापूर्वी कड्या चौकटीला किंवा आतल्या सांध्याला झाळलेल्या आहेत ना, हे जरूर पाहावे. नुसत्या कडेच्या पट्टीला लावलेली कडी वजनाने पट्टीसकट सुटून येते.

प्रश्न : सासूबाईंनी दिलेला कोल्हापुरी साज आणि मोत्यांचा तन्मणी गरम पाण्यात रिठा घालून धुवावा, की दुकानातल्या अल्ट्रासॉनिक यंत्रात (द्रवात ध्वनिकंपनांनी दागिने धुणाऱ्या यंत्रात) द्यावा? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही टाळावे. साजाचे मणी आणि पानड्या म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा असतो आणि त्याला आतून लाखेचा आधार असतो. उष्णतेने लाख मऊ होते, पाणी भोकांतून आत शिरते, आणि आधार गेलेल्या पत्र्याला बोटाच्या दाबानेही पोचा पडतो, जो सहजी निघत नाही. अशा साजावर मऊ कोरडा ब्रश आणि मलमलीचे कापड यांपलीकडे घरी काही करू नये. रिठा भरीव सोन्यासाठी ठीक आहे.

मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असल्यामुळे घाम, अत्तर आणि आंबट पदार्थ त्याचे पाणी घालवतात, तर टूथपेस्टने त्याच्यावर चरे पडतात. तन्मणी सगळा साजशृंगार झाल्यावर गळ्यात घालावा, घरी परतल्यावर सर्वांत आधी उतरवावा आणि ओलसर कापडाने पुसून, वाऱ्यावर वाळवून, मलमलीत गुंडाळून आडवा ठेवावा. टांगल्यास दोरा ताणतो. मोत्यांमध्ये फट दिसू लागली किंवा दोरा पिवळा पडला, तर तुटायची वाट न पाहता तो पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या कारागिराकडून) नव्याने गाठवून घ्यावा.

साज दुरुस्तीला देताना आत लाख आहे हे सोनाराला आधीच सांगावे, कारण डाग देताना, म्हणजे झाळून जोडताना, थेट आच लागली तर ती वितळून बाहेर येते; शिवाय एकूण वजनात लाखेचेही वजन असते, तेव्हा पावतीवर तसा उल्लेख करून घ्यावा.